इथे कापड खऱ्यासारखं फाटतं

आमच्या घरात पत्रक खालून वर वाचायची पद्धत होती. आधी शेवटची बारीक ओळ: प्रकाशक अमुक, मुद्रक तमुक, सोलापूर. मग मथळा, मग मजकूर. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "जबाबदार कोण ते आधी बघायचं. तो काय म्हणतोय ते नंतर." खाली नाव नसलेलं पत्रक हातात आलं तर ते न वाचता परत करायचे आणि देणाऱ्याला विचारायचे, "का रे, नाव छापायला लाज वाटती काय?"

अण्णांची एका खोलीची प्रेस होती. एक मिनी ऑफसेट मशीन, कागदाचे गठ्ठे, शाईचे डबे. पोट भरायचं ते लग्नपत्रिका आणि बिलबुकांवर, पण लोक त्यांना ओळखायचे ते पत्रकांमुळे. यंत्रमाग कामगारांची, विडी वळणाऱ्या बायकांची पत्रकं ते स्वतः लिहायचे, स्वतः छापायचे आणि स्वतः चौकात उभं राहून वाटायचे. मला 'कमळ' लिहिता येण्याआधी 'निषेध' वाचता येत होता. शाळेतल्या बाईंनी 'ब' वरून शब्द विचारला तेव्हा मी 'बोनस' सांगितला होता आणि बाई हसल्या होत्या.

मी आठ-नऊ वर्षांची असताना अण्णांच्या एका पत्रकात चूक झाली. एका विडी कारखान्यात बायकांच्या छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून, बाजूला काढलेल्या विड्या मालक गुपचूप विकतो, असं त्यांनी लिहिलं होतं. दुसऱ्या कारखान्याची गोष्ट ह्या कारखान्याच्या नावावर गेली होती. अण्णांनी चूक-दुरुस्ती काढली. त्याच पिवळ्या कागदावर, तितक्याच प्रती, त्याच गेटवर. ज्या हातांनी पहिलं वाटलं त्याच हातांनी दुसरं वाटायचं, हा आमच्या घरचा नियम, असं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. मी गठ्ठा धरून शेजारी उभी होते. बायका जाता जाता बोलत होत्या. "मालकाला फितूर झालास काय रं?" "पोरगीला कशाला उभी केलास उन्हात?" एकीने कागद चुरगळून त्यांच्या पायाशी टाकला. अण्णा खाली वाकले, कागद उचलला, सरळ केला आणि पुढच्या बाईला दिला. मला त्या दिवशी वाटलं, माझ्या बापासारखा माणूस सोलापुरात दुसरा नाही.

हे इतकं सगळं सांगावं लागतंय, कारण पुढची गोष्ट कॉम्प्युटर गेमची आहे, आणि ह्या गोष्टी ठाऊक नसतील तर एवढ्याशा गेमवरून एवढा संताप कशाला, असं कुणालाही वाटेल.

माझ्या मामाचं गेमिंग पार्लर होतं. कॉलेजच्या रस्त्याला एक गाळा, आठ कॉम्प्युटर, पुठ्ठ्याने झाकलेल्या काचा. मी नववीत होते. पार्लरमध्ये येणारी मी एकटीच मुलगी, आणि तेही मामाचं म्हणून आईने जाऊ दिलेली. त्या वर्षी मामाने पुण्याहून एक जास्तीचं कार्ड आणलं आणि चार नंबरच्या मशीनमध्ये बसवलं. त्या मशीनमध्ये एक मोठं कार्ड आधीच होतं, दुसऱ्या कंपनीचं. ते पडद्यावर चित्र काढायचं. हे नवं, लहान कार्ड चित्र काढणार नव्हतं. ते फक्त गणित करणार होतं: भिंत फुटली तर विटा कुठे उडतील, धूर कसा पसरेल, कापड कसं हलेल. मामाने मला झाकण उघडून दाखवलं. "हे बघ, हा चित्रकार. आणि हा त्याच्या शेजारी बसलेला गणिताचा मास्तर."

आम्हाला वेड लावलं ते कापडाने. एका गेममध्ये मोठा दरबारासारखा हॉल होता आणि छतापासून जमिनीपर्यंत लाल कापडं टांगलेली होती. बाकीच्या सात मशीनवर तिथे नुसत्या मोकळ्या भिंती. चार नंबरवर मात्र कापड तुमच्या खांद्याला लागून सरकायचं, मागे पडायचं, पुन्हा झुलत यायचं. गोळी मारली की जिथे लागेल तिथे भोक पडायचं. जास्त मारल्या की चिंधी लोंबायची, तीही एका बाजूला जड होऊन गोल फिरायची. येणारी निम्मी पोरं मागवाल्यांच्या घरची. टॉवेल आणि चादरींच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झालेली. शत्रू मागून गोळ्या घालत असायचे आणि ही पोरं बंदूक खाली करून कापडामधून नुसती ये-जा करायची.

पत्रक काढायची कल्पना माझी. मामा म्हणाला होता, एक बोर्ड लावू. मी म्हटलं, बोर्ड कोण वाचतं? मी मजकूर लिहिला आणि मथळा दिला: 'इथे कापड खऱ्यासारखं फाटतं!' खाली लिहिलं की हे कुठलं आधी काढून ठेवलेलं चित्र नाही, प्रत्येक वेळी नव्याने केलेलं गणित आहे, त्यामुळे कापड दर वेळी वेगळं फाटतं. आणि सगळ्यात शेवटी, प्रकाशक म्हणून माझं नाव.

मामा म्हणाला, "अगं, पोरीचं नाव कशाला टाकतीस? माझं टाक की."

"लिहिलंय मी. जबाबदार मी."

"बरं बाई, पुढारीण."

अण्णांनी छापून दिलं. आधी शेवटची ओळ वाचली, मग माझ्याकडे बघितलं आणि मशीनला प्लेट लावली. मी ती पत्रकं कन्ना चौकात वाटली, अशोक चौकात वाटली, शाळेच्या दारात वाटली. दसऱ्याच्या आधी संपली म्हणून मामाने पुन्हा छापून घ्यायला लावली, तीही मीच वाटली. पोरं मला 'पत्रकवाली' म्हणायला लागली. मला ते आवडायचं.

ती दुसरी पत्रकं वाटल्यावर चार-पाच दिवसांत आमच्या गल्लीतले जॉबर पार्लरमध्ये आले.

जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. हे गृहस्थ साठीच्या आसपासचे, घरी तेलुगू बोलणारे, चादरीच्या एका शेडमध्ये सगळी उमर काढलेले. शेड दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती. त्यांच्या खऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. माझं पत्रक त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेलं होतं. ते त्यांनी बाहेर काढलं आणि मथळ्यावर बोट ठेवलं.

"हे तुजं नाव न्हवं का? मंग दाखव."

मी त्यांना चार नंबरवर बसवलं, स्वतः माउस धरला आणि हॉलमध्ये नेलं. मागे पोरांचा घोळका जमला. मी गोळी मारली. कापड फाटलं, चिंधी लोंबली.

"काय काका?"

"अजून एकदा मार."

पुन्हा मारली. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू करायला लावलं. तिसऱ्यांदाही. चष्मा कपाळावर चढवून ते पडद्याच्या इतके जवळ गेले की एक पोरगं म्हणालं, "काका, आत जाऊ नका, गोळी लागंल!" सगळे हसले. जॉबरही हसले. मग म्हणाले, "हे फाटाय लागलंय कडंनं. कापडाची किनार लई घट्ट असती पोरी. तितनं ते आपनहून फाटत न्हाय, कातरीनं आदी काप द्यावा लागतो. आनि तू मारलीस मधी. फाटलं मातूर कडंला. तीन येळा मारलीस, तिन्ही येळा त्याच जागी फाटलं. तू लिव्हलीस की दर येळी येगळं फाटतं."

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझं नाव छापलेला कागद त्यांच्या हातात होता आणि ते सगळ्यांसमोर तो खोटा ठरवत होते, एवढंच मला दिसलं. पडद्याकडे मी पाहिलंच नाही.

मी म्हटलं, "काका, हे कार्ड एका सेकंदात जेवढं गणित करतं तेवढं तुमची अख्खी शेड जन्मभर करू शकली नसती. तुमच्यापेक्षा त्याला कापड जास्त कळतं. तुमचा माग बंद पडला म्हणजे जग बंद पडलं नाही."

"ओ, ओ, ओ!" पोरं ओरडली. कुणीतरी टेबल वाजवलं.

जॉबरनी चष्मा खाली घेतला, पत्रकाची पुन्हा पहिल्यासारखी घडी केली आणि खिशात ठेवली. "बरं," म्हणाले. मामाने "काका, चा घेऊन जावा की," म्हटलं, तर हात हलवून निघून गेले. मामा गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होता. तो मला एका शब्दाने रागावला नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही तेव्हा. वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्लर रिकामं असताना मी चार नंबरवर बसले, जॉबरना खोटं ठरवायला. कापडाच्या मधोमध गोळी मारली. उजवी कड फाटली. गेम बंद करून पुन्हा सुरू केला, खाली मारली. उजवी कड. वर मारली. उजवी कड, आणि चिंधीही तीच, तेवढीच, तशीच लोंबलेली. आधी काढून ठेवलेला तुकडा होता तो. पहिल्या आठवड्यात हे असं नव्हतं. मी सेटिंग उघडलं. गणित कोण करणार ह्या रकान्यात आधी त्या कार्डाचं नाव होतं. आता तिथे ते नावच नव्हतं. पर्याय एकच उरला होता, मशीनचा साधा प्रोसेसर. कापडाचा दर्जाही कुणीतरी एक पायरी खाली आणून ठेवला होता, म्हणजे मशीन अडखळू नये.

झाकण उघडलं. कार्ड जागेवर होतं. पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागलेला होता.

मामा जेवून आला तेव्हा मी विचारलं, "मामा, हे कार्ड कधीपासून बंद आहे?"

मामाने आधी दरवाज्याकडे बघितलं, कुणी आहे का म्हणून. "बंद कुठंय? पंखा फिरतोय की."

"मामा."

"अगं, कंपनीनं केलंय ते. नवीन सॉफ्टवेअर टाकलं तवापासून. शेजारी दुसऱ्या कंपनीचं कार्ड दिसलं की हे कार्ड कामच करत न्हाई. त्यांनी मुद्दाम तसं करून ठेवलंय. म्हणजे दोन्ही कार्डं त्यांचीच घ्या."

मी पेटले. धडधाकट कार्ड, काम येत असलेलं कार्ड, शेजारी कोण बसलंय एवढं बघून कंपनीने घरी बसवलं होतं. आमच्या घरात ह्याला एकच शब्द होता, टाळेबंदी. मी तिथल्या तिथे वही काढली आणि मथळा लिहायला लागले.

"लिही, लिही," मामा खूश होऊन म्हणाला. "चांगलं झाड त्या कंपनीला. पेपरात पण देऊ."

लिहिता लिहिता माझा हात थांबला. "मामा, नवीन सॉफ्टवेअर कधी टाकलंस?"

"गणपतीत."

दुसरी पत्रकं गणपतीनंतर, दसऱ्याच्या तोंडावर छापली होती.

"म्हणजे तुला ठाऊक होतं. मी चौकात उभी होते तेव्हा."

"जुनं सॉफ्टवेअर टाकलं तर कार्ड चालतंय गं. पण मग तो नवा गेम चालत न्हाई, आणि पोरं त्याच्यासाठी येत्यात. एक काहीतरी सोडावं लागतंय की. आणि पोरांना काय कळतंय? फाटतंय ना? मग झालं."

"जॉबर काकांना कळलं."

"तो म्हातारा एकटाच," मामा म्हणाला. "आणि त्याला तू बरोबर गप्प केलीस की."

त्याने हे कौतुकाने म्हटलं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

कंपनीवरचं पान मी फाडलं नाही, पण उलटलं. पुढच्या पानावर लिहिलं: चूक-दुरुस्ती. गणपतीपासून अमुक पार्लरमधल्या चार नंबरच्या मशीनवर कापडाचं गणित होत नाही. दुसऱ्या वेळी वाटलेल्या पत्रकातला मजकूर त्यामुळे खोटा होता. एका अनुभवी कामगाराने ही चूक सर्वांसमोर दाखवली असता मी त्यांचा अपमान केला, त्याबद्दल मी जाहीर माफी मागते. खाली माझं नाव. मुद्रकाची जागा अण्णांसाठी ठेवली आणि सरळ प्रेसवर गेले.

अण्णांनी खालून वर वाचलं. खिशातलं पेन काढून एका शब्दाची वेलांटी नीट केली. त्या वेलांटीने मला वाटलं, झालं, आता प्लेट लागेल. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

"हे मी छापणार नाही."

"का?"

"घरातली गोष्ट आहे ही."

"चौकात वाटली ती घरातली कशी?"

"तुझ्या आईचा भाऊ आहे तो. भाऊबीज तोंडावर आलीय. तिनं कुठं बघायचं?" मग म्हणाले, "आणि आपण पत्रक मालकावर काढतो. आठ कॉम्प्युटरवाला मालक नसतो."

"मग कितीपासून मालक होतो, अण्णा? नऊ? दहा?"

"तोंड सांभाळून बोल."

"हे मामावर नाहीच आहे. हे माझ्यावर आहे. खाली नाव माझं आहे."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले. "पोरीच्या जातीनं चौकात उभं राहून मी खोटं बोलले म्हणायचं? उद्या लोक काय काय जोडतील त्याला?"

'पोरीच्या जातीनं' हे शब्द मी आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. बायकांच्या समान हक्कांची पत्रकं ज्या मशीनवर निघाली, त्या मशीनशेजारी उभं राहून ऐकले. मी विडी कारखान्याच्या गेटचा विषय काढला. म्हटलं, "तुम्ही उभे राहिला होता की. शिव्या खाल्ल्या. त्याच हातांनी वाटायचं असतं म्हणालात. मी होते तिथं."

अण्णा रॉकेलच्या फडक्याने बोटं पुसत होते. प्रत्येक बोट वेगळं. "त्या वेळी वकिलाची नोटीस आली होती," ते म्हणाले. "आठ दिवसांत दुरुस्ती काढून त्याच गेटवर वाटा, नाहीतर कोर्टात या. किती प्रती तेसुद्धा नोटिशीत लिहिलेलं होतं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"मला तर तुम्ही नियम म्हणून सांगितलंत."

"तू लहान होतीस. तुला नोटीस काय समजावत बसू? चांगलं होतं तेवढं सांगितलं."

मामाने अजून वेगळं काय केलं होतं? त्यानेही चांगलं दिसेल तेवढंच पडद्यावर ठेवलं होतं. पण मामाने मला कधी काही शिकवलं नव्हतं. मामावर मी चिडले होते. अण्णांचं ऐकून चिडताही येईना. त्या उन्हातल्या गेटवर मी माझं सगळं उभं केलं होतं: शाळेतली भांडणं, निबंध, बाईंना उलट विचारलेले प्रश्न, सगळं. आणि ते गेट एका वकिलाच्या टायपिस्टाने मांडलेलं होतं.

मी मजकूर पुन्हा हाताने लिहून काढला. एक प्रत नेऊन चार नंबरच्या मॉनिटरवर चिकटवली. पोरांनी वाचली.

"ए पत्रकवाली, फाटतंय ना? बास की!"

"हमकू क्या, फट रा ना," दुसरा म्हणाला आणि कागदाखालून हात घालून माउस हलवायला लागला. मामा आला, कागद नखाने हळू सोडवून घेतला, काचेवर डिंक राहिला म्हणून थुंकी लावून पुसला. "मामावर रुसलीय ती," त्याने पोरांना सांगितलं. पोरांना ते लगेच पटलं.

दुसरी प्रत घेऊन मी जॉबरच्या घरी गेले. त्यांची बायको दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिने आत तेलुगूत हाक मारली. जॉबर बनियनवर बाहेर आले. मी कागद पुढे केला. त्यांनी सावकाश वाचला, माफीच्या ओळीवर थांबले, पुढे गेले.

"बरं लिव्हलीस," म्हणाले. "मला राग न्हवता पोरी. वाईट वाटलं. तुज्या बापाच्या पत्रकावर मी दोनदा संपाला गेलोय. तेच्या पोरीचं नाव बघून आलो हुतो मी तितं." मग कागद उलटा-सुलटा केला. "हातानं लिव्हलीस. छापला न्हाय का बापानं?"

मी खरं सांगायला हवं होतं. त्यासाठीच तर आले होते. पण 'दोनदा संपाला गेलोय' हे त्यांनी इतकं सहज म्हटलं होतं, की माझ्या तोंडून निघालं, "मशीन बिघडलंय."

"काय झालं?"

"आवाज येतोय."

"कसला? खडखड, का घासल्यावानी?"

"खडखड."

"कागद घेताना, का सोडताना?"

"घेताना," मी म्हटलं. आता मागे फिरता येत नव्हतं.

जॉबरचे डोळे चमकले. दोन वर्षांत त्यांना कुणी मशीन बिघडलंय म्हणून सांगितलेलं नसावं. "उद्या सकाळी येतो," म्हणाले. "मागाचं काय आनि छापायचं काय, लोखंड त्ये लोखंड. बापाला सांग, हात लावू नगं म्हनावं तवर."

मी अण्णांना सांगितलं नाही. आमचं बोलणं बंद होतं.

सकाळी शाळेच्या आधी मी प्रेसवर गेले, तर मशीन चालू होतं, लग्नपत्रिका निघत होत्या. जॉबर रस्त्यातच उभे होते. धुतलेला शर्ट, खांद्याला पान्यांची कापडी पिशवी. मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होते. चांगला मिनिटभर ऐकलं. मग आत आले.

"या, या जॉबर," अण्णा म्हणाले. "आज इकडं कुठं?"

"मशीन तर बेस चाललंय," जॉबर म्हणाले. "पोरगी म्हनली बिघडलंय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. विनंती होती. ती मी ओळखली. नुसतं म्हणायचं होतं, की काल बिघडलं होतं, झालं नीट. आई, मामा, अण्णा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"मी खोटं बोलले काका," मी म्हटलं. "मशीनला काही झालेलं नाही. अण्णा छापत नाहीत. मामाचं आहे म्हणून."

मशीन चालूच होतं. जॉबरनी पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली. मग अण्णांना विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं माग का थांबला म्हणून विचारावं तसं, "आमी दोन येळा संपाला बसलो, ती पत्रकं. त्यातलं समदं खरं हुतं न्हवं?"

अण्णांनी हात लांब करून मशीन बंद केलं. खोलीत एकदम रस्त्याचा आवाज आला.

"बहुतेक सगळं," अण्णा म्हणाले.

ते खोटं बोलू शकले असते. आजही मी हे त्यांच्या बाजूने धरते. पण त्या वेळी मला तेवढंही धरवलं नाही.

"बहुतेक," जॉबर म्हणाले. मान हलवली. वाकून पिशवी उचलली. अण्णा म्हणाले, "बसा, चहा मागवतो," तर म्हणाले, "नगं. दूध आनाय निगालो हुतो." हातात किटली नव्हती. दारातून जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, अण्णांकडेही नाही.

थोड्या वेळाने अण्णांनी मशीन पुन्हा सुरू केलं, कारण पत्रिका दुपारी द्यायच्या होत्या. मी ड्रॉवर उघडला, त्यांनी वेलांटी नीट केलेला माझा कागद काढून दप्तरात ठेवला. त्यांनी अडवलं नाही.

तो मजकूर चौकात कधी वाटला गेला नाही. पुढे मी पुष्कळ लिहिलं, पत्रकं काढली, पुस्तक काढलं. त्यातलं एक अक्षर त्या मशीनवर छापलेलं नाही. कुठे छापतेस, असं अण्णांनी कधी विचारलं नाही.